पंचशीला मॅडम आणि हरभऱ्याचा पाला

माझं नाव कावेरीबाई. नांदेडच्या एका सरकारी प्रयोगशाळेत मी काचेची भांडी धुते. लोकांना वाटतं, त्यात काय एवढं. त्यांना म्हणावं, एक दिवस येऊन धुवून बघा. एकेक नळी आधी साबणानं, मग तीनदा नळाच्या पाण्यानं, मग परत तीनदा यंत्रातल्या शुद्ध पाण्यानं. एवढं करून दीपाली ती उजेडात धरणार आणि म्हणणार, "मावशी, ह्याला डाग हाय." दीपाली आमची केमिस्ट, वय अठ्ठावीस. मला राग लवकर येतो हे सगळ्या ऑफिसला ठाऊक आहे. पण डाग असतो, हेही खरं.

पंचशीला मॅडम ह्या प्रयोगशाळेच्या प्रमुख. त्यांच्याबद्दल लिही असं मला कुणी सांगितलं नाही. मीच लिहायलेय, कारण दुसरं कुणी लिहिलं तर त्यांच्या डिग्र्या लिहील, आणि डिग्र्या वाचून माणूस कळत नाही.

आमचं काम सांगते. कोणतंही नवं रसायन बाजारात यायच्या आधी, मग ते पिकावर मारायचं असो की फरशी पुसायचं, माणसाला आणि जनावराला ते किती बाधतं हे तपासायचं आणि दिल्लीला कळवायचं. कंपनी म्हणते, आमचा माल एकदम निर्धोक. मॅडम म्हणतात, बघू. हे बघण्यासाठीच सरकारनं नांदेडला हा छोटा कक्ष काढला, तोही दोन वर्षांच्या बोलीवर. दोन वर्षं काम नीट झालं तर कायम, नाहीतर कुलूप लावायचं आणि फाईली मोठ्या शहरात पाठवायच्या. मॅडम दिल्लीतली चौदा वर्षांची नोकरी सोडून ह्या बोलीवर इकडं आल्या. तिकडचे लोक म्हणले असतील, ह्या बाईला काय वेड लागलं का. मला आधी तसंच वाटलं होतं.

मॅडम हिमायतनगर तालुक्यातल्या. वडील रेल्वेत गँगमन, आई दुसऱ्याच्या रानात खुरपायला जायची. मॅडम सात वर्षांच्या होत्या तेव्हा आईनं मालकाच्या बांधावरून एक रिकामा पत्र्याचा डबा आणला. चकचकीत, झाकण घट्ट बसणारा. तिनं तो राखेनं घासला, उन्हात वाळवला आणि त्यात गोडं तेल भरलं. आठ दिवसांत घरातली सगळी आजारी पडली. उलट्या, चक्कर, डोळ्यांपुढं अंधार. सरकारी दवाखान्यात चार दिवस काढून सगळी सुखरूप घरी आली, पण डब्यात काय होतं ते कुणाला सांगता येईना. मॅडम तो डबा घेऊन शाळेत गेल्या. त्यावरचं सगळं इंग्रजीत छापलेलं. मास्तरलाही धड वाचता आलं नाही.

मॅडम ही गोष्ट हसत सांगतात. म्हणतात, माझी केमिस्ट्री त्या डब्यापासून सुरू झाली. मग किनवटचं वसतिगृह, नांदेडचं कॉलेज, पुढं दिल्ली. आई शेजारी बसलेली असली आणि डब्याची गोष्ट निघाली, की ती उठून चुलीकडं जायची. मला वाटायचं, म्हातारीला शंभरदा ऐकून कंटाळा आला असेल.

आता मॅडमच्या कामाची रीत. फाईल तयार झाली की दिल्लीला जायच्या आधी सगळे एका टेबलाभोवती बसतात. सगळे म्हणजे केमिस्ट दीपाली, ड्रायव्हर शरणप्पा आणि मीसुद्धा. मॅडम फाईल मराठीत समजावून सांगतात, आणि मग प्रत्येकानं एक सवाल विचारायचा. विचारल्याशिवाय उठायचं नाही. सवाल एका वहीत उतरतो, त्यापुढं विचारणाऱ्याची सही. पहिल्या बैठकीत मी म्हणलं, "मॅडम, मला काय कळतंय त्यातलं? मी भांडी धुणारी बाई."

त्या म्हणल्या, "कावेरीबाई, कळतंय त्यांनी फाईल लिहिली. आता कळत नाही त्यांनी विचारायचं."

शरणप्पाला हे भलतंच आवडलं. तो उदगीरचा, अर्धं कानडी बोलतो, आणि प्रत्येक बैठकीला त्याचा सवाल ठरलेला असतो, "हे बैलानं चाटलं तर?" त्याच्या ह्या बैलापायी दोन फाईलींत नवीन तपासण्या निघाल्या. मला मात्र ती बैठक नको वाटायची. तिकडं नळ्या पडलेल्या आणि इकडं माझ्याकडं तिघं बघत बसलेले.

गेल्या हिवाळ्यात हरभऱ्यावरच्या एका नव्या औषधाची फाईल आली. घाटेअळीसाठी होतं. पहिली फवारणी पेरल्यावर पंचवीस दिवसांनी, दुसरी फुलोऱ्यात. दीपालीनं आधीच्या हंगामातल्या दाण्यांचे नमुने तपासले होते. काढणीपर्यंत दाण्यात औषध औषधाला उरत नव्हतं. माती ठीक, पाणी ठीक. शरणप्पाचा बैलही ह्या खेपेला ठीक निघाला. फाईल लवकर हवी म्हणून दिल्लीचे फोनावर फोन, कारण जानेवारीअखेर समिती येणार होती आणि आमच्या कुलपाचा निकाल तेव्हाच लागणार होता. ही शेवटची मोठी फाईल.

बैठक डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात झाली. दुपारचा दीड वाजलेला, पोटात कावळे ओरडायलेले. माझी पाळी आली. मी विचारलं, "जेवायची सुट्टी कधी व्हायची?"

सगळे हसले. मॅडमही हसल्या आणि त्यांनी ते वहीत लिहिलं, कारण नियम म्हणजे नियम. मी सही केली. फाईल निर्धोक म्हणून त्याच दिवशी दिल्लीला गेली.

दोन दिवसांनी मी डब्यात घोळाणा आणला. माझा भाऊ लातूर जिल्ह्यात, औशाकडं राहतो. त्याच्या रानातल्या हरभऱ्याचे कोवळे शेंडे त्यानं पिशवीभर पाठवले होते. कच्चाच पाला, त्यात कांदा, हिरवी मिरची, शेंगदाण्याचं कूट, मीठ आणि वरून तेल. ज्वारीची भाकरी सोबत. आमच्याकडं हरभरा वीतभर झाला की बायका शेंडे खुडतात. खुडल्यानं झाड फुटतं, फांद्या वाढतात आणि घरात भाजी होते. रानात खुरपणाऱ्या बाया तर तिथंच मूठभर खुडून भाकरीवर घेतात. हे सांगायचीसुद्धा गोष्ट नाही. सगळेच खातात.

दीपालीनं दोनदा घेतला. शरणप्पानं तिसऱ्यांदा हात घातला तसं मी डबा ओढला. तो म्हणला, "अक्का, उद्या परत आण की. आजून खुडणी चालू आसंल. किती दिवसांचा हाय हरभरा?"

"महिन्याचा," मी म्हणलं.

मॅडमचा घास हातातच राहिला. त्यांनी भाकरी ताटात ठेवली आणि डब्याकडं बघत बसल्या. मला वाटलं, खडा लागला का काय. त्या हळू आवाजात म्हणल्या, "दीपाली, फवारणी कितव्या दिवशी?"

"पंचविसाव्या," दीपाली म्हणली, आणि मग तिचाही हात थांबला.

म्हणजे फवारणी पंचविसाव्या दिवशी, आणि खुडणी तिसाव्या. पाच दिवसांत तो पाला पोटात. फाईलीत दाण्याचा कण अन् कण तपासला होता. पाल्याचा एक शब्द नव्हता. कंपनीनं लिहिला नाही, कारण कंपनीच्या साहेबांनी घोळाणा कधी बघितला नसेल. पण आम्ही? आम्ही चौघंही ह्याच मातीतले, जन्मभर हाच पाला खाल्लेले, आणि एकाच्याही डोक्यात आलं नाही. कसं येणार? पीक म्हणजे दाणा. पाला म्हणजे पदरात घालून आणायची वस्तू, तिला कोण कागदावर घेतंय.

मला माझा सवाल आठवला. जेवायची सुट्टी. मी म्हणलं, "मॅडम, माझी चूक. माझी पाळी होती."

"फाईलीवर पहिली सही माझी आहे," मॅडम म्हणल्या. त्यांनी हात धुतले आणि सरळ जाऊन दिल्लीला पत्र लिहायला घेतलं. दीपाली रडकुंडीला आली. म्हणली, "मॅडम, औषध अजून बाजारात नाही. समिती येऊन जाऊ द्या, मग हळूच दुरुस्ती पाठवू. आता चूक कबूल केली तर कुलूप पक्कं."

"हाव, लागंल कुलूप," मॅडम म्हणल्या. चिडल्या की त्यांची दिल्ली गळून पडते. "पर माझी आई आजून खुरपायला जाते, दीपाली. ती काय खाऊन राहिली ते मला ठाऊक हाय."

पत्र गेलं. त्यात लिहिलं होतं, आमची चूक झाली, अहवाल मागं घेतो, सहा आठवडे द्या. उत्तर एका ओळीचं आलं. समिती ठरलेल्या तारखेलाच येईल.

त्यानंतरचे सहा आठवडे माझ्या नोकरीतले सगळ्यात मजेचे गेले. असं म्हणू नये, पण खरं आहे. लातूरकडं एक उशिरा पेरलेला प्लॉट सापडला. तिथं औषध मारून राखण ठेवली आणि पहिल्या, तिसऱ्या, पाचव्या अशा एकेका दिवशी पाला आणायचा. शरणप्पा गाडी अशी हाकायचा की नांदेड ते लातूर रस्त्यावरचे ढाबेवाले त्याला हात करायला लागले. नळ्यांचा ढीग लागायचा आणि मी एका शब्दानं तक्रार केली नाही. दीपालीनं मला विचारलं, "मावशी, बरं वाटतंय ना?"

दुसरा भाग जास्त अवघड होता. बाई एका वेळी किती पाला खाते, ह्याचा आकडा कुठल्याच पुस्तकात नव्हता. म्हणून मॅडम आम्हाला त्यांच्या गावी घेऊन गेल्या. तराजू, पिशव्या आणि वह्या घेऊन आम्ही उतरलो तर त्यांच्या आईनं अंगणात वीस बाया बसवून ठेवलेल्या, आणि प्रत्येकीनं घरून भाजी करून आणलेली. कच्ची, शिजवलेली, डाळ घातलेली, उन्हाळ्यासाठी वाळवून ठेवलेली. मी मोजायला ताट उचललं की बाई म्हणायची, "आधी तू खा, मग मोज." नको म्हणलं की रुसायची. दीपालीनं समजावलं की आम्ही खाल्लं तर वजन चुकतं. तर एक म्हणली, "मग परत वाढते की."

असं चार तास चाललं. सगळ्यांचं आटोपल्यावर मॅडमनी वही उघडली आणि म्हणल्या, रिवाज आहे, ज्याला विचारायचं त्यानं विचारा. बाया लाजून हसल्या. तेव्हा आई चुलीकडून पदराला हात पुसत आली आणि म्हणली, "शीला, मग आंब?"

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. थंडीत हरभऱ्याच्या पानांवर आंबट दंव धरतं, त्याला आंब म्हणतात. पहाटे बाया धुतलेलं धडपं, म्हणजे जुनं फडकं, त्याच्यावरून फिरवतात आणि पिळून बाटलीत भरतात. लेकराचं पोट दुखलं की चमचाभर पाजायची. आईनं फळीवरची बाटली आणून मॅडमच्या हातात दिली. म्हणली, "पाला तरी धुता येतो. आंब कशी धुवावी? आन् ही तर लेकरायला पाजतो आपुन."

मॅडमनी तो सवाल वहीत लिहिला आणि वही आईपुढं धरली. आई साक्षरतेच्या वर्गात चार अक्षरं शिकलेली. जीभ दातात धरून तिनं सही केली. त्या वहीत बाहेरच्या माणसाची ही पहिली सही.

गावाहून परतल्यावर तिसऱ्या दिवशी पहाटे आम्ही प्लॉटवर आंब धरायला गेलो. मीच धडपं फिरवलं, हातमोजे घालून, आणि शरणप्पा मागून म्हणत होता, "अक्का, डॉक्टरीण दिसायलीस." तपासणी झाली. पाचव्या दिवशीच्या पाल्यात खायला चालेल त्याच्या चौपट औषध निघालं. आंबेत त्याच्याहून जास्त.

जानेवारीअखेर समिती आली. तिघंजण, प्रमुख एक पांढऱ्या केसांच्या बाई, हसायचं नाव नाही. मी चहा देऊन मुद्दाम दाराशी उभी राहिले. प्रमुखबाई हिंदीत म्हणल्या, "तुम्हीच निर्धोक म्हणता, तुम्हीच दोन दिवसांनी मागं घेता. आम्ही तुमच्यावर भरवसा का ठेवावा?"

मला असा राग आला की कप आपटणार होते. मॅडम शांतपणे म्हणल्या, "पहिल्या अहवालावर ठेवू नका. तो चुकीचा होता. चुकला कसा, ते ह्या वहीत आहे." आणि त्यांनी सवालांची वही पुढं केली.

बाईंनी पानं उलटली. बैल वाचला, परत बैल वाचला. मग माझं पान आलं. त्यांनी विचारलं, "ये कावेरीबाई कौन हैं?"

मला वाटलं, संपलं. पण मी पुढं झाले आणि म्हणलं, "मैं हूँ. मैंने फालतू सवाल पूछा. मेरे सवाल से गलती नहीं पकडी, मेरे डिब्बे से पकडी." पुढं काय बोलले मला आठवत नाही. दीपाली सांगते, मी घोळाण्याची सगळी कृती सांगितली, मिरच्या किती घालायच्या त्यासकट.

प्रमुखबाई पुढचं पान वाचायला लागल्या, आईचा सवाल आणि ती वाकडी सही. बराच वेळ वाचत होत्या. मग म्हणल्या, "माझी सासू बथुव्याची भाजी करते. गव्हाच्या रानात उगवते ती. आम्ही गव्हाच्या इतक्या फाईली मंजूर केल्या, बथुवा कुणी तपासला नाही." आणि मग त्यांनी मला विचारलं, तो पाला आज मिळेल का. माझ्या डब्यात होता. मी काय मूर्ख आहे, त्या दिवशी रिकाम्या हातानं यायला?

पंधरा दिवसांनी आदेश आला. कक्ष कायम. सवालांची वही सगळ्या केंद्रांना लागू. औषधाला मंजुरी, पण वेष्टनावर स्थानिक भाषेत ठळक अक्षरांत सूचना छापायच्या अटीवर. दीपालीनं मला मिठी मारली आणि माझ्या हातातली नळी फुटली. मी तिला लई शिव्या दिल्या आणि मग दोघी रडलो.

उन्हाळ्यात वेष्टनाचा नमुना आला. त्या रविवारी मॅडम तो घेऊन गावी निघाल्या आणि आम्हालाही गाडीत घातलं. आई ओसरीवर बसली होती. मॅडमनी वेष्टन तिच्या हातात दिलं आणि म्हणल्या, "वाच."

तिनं चष्मा लावला. अक्षरावर बोट ठेवून ती वाचू लागली. "शें-डे खु-डून झा-ल्या-वरच फ-वा-रणी क-रा-वी. फवारणीनं-तर पाला खा-ऊ नये. आं-ब..." तिथं बोट थांबलं. तिनं परत वाचलं. "आंब ध-रू नये."

"हे माझं हाय?" तिनं विचारलं.

"हाव आई. तुझंच."

आईनं वेष्टन मांडीवर ठेवलं आणि तळहातानं सपाट केलं. मग म्हणली, "शीला, त्या डब्यावर असं लिवलेलं असतं तं मी घरात आणला असता का गं?"

मला तेव्हा उमगलं, डब्याची गोष्ट निघाली की ती चुलीकडं का जायची. चाळीस वर्षं ती मनात धरून बसली होती की सगळ्या घराला तिनंच विष घातलं. मॅडमना हे ठाऊक नव्हतं. त्यांच्या तोंडाकडं बघून कळत होतं. त्या आईच्या पायाशी खाली बसल्या आणि म्हणल्या, "नसता आणला. तू राखेनं घासला होता आई. तुला कुणी सांगितलंच नव्हतं."

"न्हाई सांगितलं," आई म्हणली. "कुनीच न्हाई सांगितलं." तिनं डोळे पुसले, चष्मा पुसला आणि ते वेष्टन परत एकदा सुरुवातीपासून वाचलं, ह्या खेपेला मोठ्यानं, शेजारणीला ऐकू जाईल असं. शेजारीण भिंतीवरून डोकावली तर तिला आत बोलावून तिसऱ्यांदा वाचलं.

मग जेवायला बसलो. आईनं वाळवलेल्या पाल्याची भाजी केली होती. मॅडमनी डब्याची गोष्ट सांगायला घेतली, आणि आई उठली नाही. उलट मधेच त्यांना थांबवून म्हणली, "तुला काय ठाऊक, तू सात वर्सांची व्हतीस. मी सांगते." आणि पहिल्यापासून सगळी गोष्ट तिनंच सांगितली.